मत्स्यविनोद ते फिशडम
वर्धा आणि पैनगंगा यांच्या दरम्यान वसलेला यवतमाळचा मुलूख समुद्रापासून इतका दूर की, काचेपलीकडचे सागरी मत्स्य पाहण्याची हौस असलेल्या येथील रहिवाशाला, 1951 मध्ये मुंबईत तारापोरवाला मत्स्यालय खुले झाल्यावरही, आगगाडीचा लांबचा प्रवास चुकत नसे. आज तेच वैभव, निदान आभासरूपाने, ‘फिशडम’ या खेळातून मोबाइलच्या पडद्यावर अवतरते.

या खेळाचे कुळ रशियन. समान रंगाचे चेंडू ओळीत आणले की ते लुप्त व्हावेत, हा दंडक येव्गेनी आलेम्झिन याने 1994 च्या ‘शारिकी’त घालून दिला, 2001 च्या ‘बिज्वेल्ड’ने तो जगभर रूढ केला, आणि 2008 मध्ये वोलोग्दा येथील बुखमन बंधूंच्या प्लेरिक्स कंपनीने त्याला मत्स्यालयाची जोड दिली. जुळणीतून झालेला नाण्यांचा वसूल मासे आणि शोभेच्या वस्तूंवर खर्ची घालावयाचा, ही जमाखर्चाची योजना मोठी चतुर; कारण कोडे संपले तरी अपुऱ्या सजावटीत मन अडकून राहते.

माशांशी खेळण्याची हौस मात्र जुनीच; बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्य सोमेश्वराने ‘मानसोल्लास’ या ग्रंथात मत्स्यविनोदाला राजविलासांत स्थान दिले होते. तेथे मासा गळाला लावावयाचा, येथे पोसावयाचा. परंतु आरंभी फुकट हाती येऊन पुढे सवलतींसाठी पैसा मागणारी फिशडमची ही सावकारी रीत वऱ्हाडाला नवी नाही. खेळणाऱ्याने ती ओळखूनच खेळावे.