हॅम्लेट : रूळ आणि कुलूप

गावाचे पोट कशावर भरते हे पाहिले, की त्याची प्रकृती कळते. अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलिना राज्यातले हॅम्लेट हे लहान गाव रेल्वेने पोसले. सीबोर्ड कंपनीचे उत्तर-दक्षिण व पूर्व-पश्चिम लोहमार्ग येथे एकमेकांना छेदत. १९०० साली दोन्ही मार्गांना सामोरे असे देखणे स्थानक उभे राहिले. जाझचे थोर वादक जॉन कोल्ट्रेन १९२६ साली याच गावात जन्मले.

पुढे मोटारी आणि विमाने आली, रेल्वेतील नोकऱ्या आटल्या. मग मिळेल ते काम धरावे लागले. कोंबडीचे मांस तळून देणाऱ्या एका कारखान्यात अनेकजण, विशेषतः स्त्रिया, रोजंदारीला लागल्या. ३ सप्टेंबर १९९१ रोजी तेथे यंत्राची तेलाची नळी सुटून तेल चुलाणाच्या ज्वाळेवर उडाले. बाहेर पडायची दारे कुलूपबंद होती. २५ जीव गेले. कारखान्याच्या ११ वर्षांत सुरक्षेची एकही सरकारी तपासणी झालेली नव्हती.

बहुतेकजण धुराने गुदमरले. वैद्याच्या दाखल्यावर मृत्यूचे कारण धूर. इतिहासाच्या दाखल्यावर मात्र कुलूपच लिहावे लागेल.

हॅम्लेटने आपले स्थानक जपले आहे. आपणही आपल्या गावचे जुने स्थानक, बंद गिरणी दाखवताना मुलांना एवढे जरूर सांगा : येथे कोण राबत होते, आणि दाराची किल्ली कोणाकडे असे.