हनाउमा बे

हनाउमा बे हा अमेरिकेच्या हवाई राज्यातील ओआहू बेटाच्या आग्नेय किनाऱ्यावरील एक लहान उपसागर आहे. तो होनोलुलु शहर व काउंटीच्या हद्दीत, कोको हेड या टेकडीला लागून आहे. ज्वालामुखीच्या विवरात समुद्राचे पाणी शिरून तयार झालेला हा उपसागर स्नॉर्केलिंगसाठी जगप्रसिद्ध आहे. तोंडात श्वासनळी धरून व डोळ्यांवर काचेचा मुखवटा लावून पृष्ठभागावर तरंगत पाण्याखालील जीवसृष्टी पाहणे, याला स्नॉर्केलिंग म्हणतात. १९६७ मध्ये हवाई राज्याने या उपसागराला सागरी जीवसृष्टी संवर्धन क्षेत्राचा दर्जा दिला. राज्यातील ते अशा प्रकारचे पहिले क्षेत्र होय.

नाव

हवाईयन भाषेत 'हना' म्हणजे उपसागर आणि 'उमा' म्हणजे वक्र. 'उमा' हे पंजा लढवण्याच्या पारंपरिक खेळाचेही नाव असल्याने या नावाचा दुसरा अर्थही लावला जातो. हवाईच्या राजघराण्यातील व्यक्ती मासेमारी व विश्रांतीसाठी येथे येत असत.

भूरचना

ओआहूचे मुख्य ज्वालामुखी शांत झाल्यानंतर दीर्घकाळाने बेटाच्या आग्नेय भागात नव्याने उद्रेक झाले. तप्त शिलारस व समुद्राचे पाणी यांच्या संपर्कातून मोठे स्फोट झाले आणि उडालेली राख थरांनी साचून तिचे खडकात रूपांतर झाले. अशा राखखडकाच्या कड्यांनी वेढलेल्या विवराची समुद्राकडील भिंत कालांतराने लाटांच्या माऱ्याने ढासळली व आत पाणी शिरले. येथील वाळूत ऑलिव्हिन या खनिजाचे हिरवट कणही आढळतात.

स्नॉर्केलिंगसाठी अनुकूलता

उष्णकटिबंधीय बेटावर स्नॉर्केलिंगचे चांगले ठिकाण ठरण्यासाठी उथळ व स्वच्छ पाणी, लाटांपासून आडोसा, जिवंत प्रवाळ आणि पाण्यात उतरण्यास सोपा वालुकामय किनारा या गोष्टी आवश्यक असतात. नदीमुखाजवळ गाळामुळे पाणी गढूळ होते व गोड्या पाण्याने प्रवाळाची वाढ खुंटते. हनाउमा येथे मोठी नदी मिळत नाही. विवराच्या भिंती तीन बाजूंनी आडोसा देतात, तर किनाऱ्याला समांतर असलेली प्रवाळभित्ती खुल्या समुद्राच्या लाटांचा जोर मोडते. त्यामुळे भित्तीच्या आतील भागात नवशिक्यांनाही उथळ पाण्यात मासे पाहता येतात. भित्तीपलीकडे पाणी अधिक खोल व प्रवाळ अधिक समृद्ध आहे. मात्र तेथे लाटा व प्रवाह यांचा धोका असतो. वारा वाढण्यापूर्वी सकाळच्या वेळी पाणी सहसा अधिक संथ व नितळ असते.

जीवसृष्टी

उपसागरात पोपटमासे, फुलपाखरूमासे, सर्जनमासे आणि हवाईचा राज्यमासा हुमुहुमुनुकुनुकुआपुआआ आढळतात. पोपटमासे मजबूत जबड्यांनी खडक खरवडून शेवाळ खातात. त्यांच्या पचनमार्गातून बाहेर पडणारी खडकाची भुकटी पांढऱ्या वाळूत भर घालते. हिरवी समुद्री कासवे येथे चरण्यासाठी येतात. संकटग्रस्त हवाईयन मंक सीलही कधीकधी दिसतात.

पर्यटन व हानी

१९५० च्या दशकात हवाई व कॅलिफोर्निया यांना जोडणाऱ्या समुद्राखालील दूरध्वनी तारेसाठी स्फोटकांनी प्रवाळभित्तीत मार्ग काढण्यात आला. १९६१ मध्ये प्रदर्शित झालेल्या, एल्विस प्रेस्लीच्या 'ब्लू हवाई' या चित्रपटाचे काही चित्रीकरण येथे झाले. विमानप्रवास सुलभ झाल्यावर गर्दी झपाट्याने वाढली आणि १९८० च्या दशकात वर्षाला सुमारे ३० लाख लोक येऊ लागले.

संवर्धन क्षेत्राच्या नियमांनी मासेमारीवर बंदी होती; पण पाहण्यासाठी येणाऱ्यांच्या संख्येवर बंधन नव्हते. पायाखाली प्रवाळ तुडवले गेले, पोहणाऱ्यांच्या हालचालींनी तळाचा गाळ ढवळला जाऊ लागला आणि अंगावरील सनस्क्रीन पाण्यात मिसळू लागले. पर्यटक माशांना पाव व वाटाणे खाऊ घालत असल्याने धीट व आक्रमक जातींचे प्रमाण वाढले आणि माशांच्या नैसर्गिक सवयी बिघडल्या. जी रचना या उपसागराला सुरक्षित व सुगम बनवते, तीच त्याच्या ऱ्हासालाही कारणीभूत ठरली, कारण बहुतेक सर्व पर्यटकांचा वावर आतील उथळ पट्ट्यातच एकवटला.

व्यवस्थापन

१९९० पासून प्रवेशावर टप्प्याटप्प्याने निर्बंध आणण्यात आले. वाहनतळ भरल्यावर वाहने परत पाठवणे, आठवड्यातून ठरावीक दिवस उपसागर बंद ठेवणे, प्रवेश शुल्क आकारणे आणि माशांना खाद्य घालण्यास मनाई करणे, असे उपाय योजले गेले. २००२ मध्ये शिक्षण केंद्र सुरू झाले. प्रवाळावर उभे राहू नये व प्राण्यांना स्पर्श करू नये, असे सांगणारी लघुचित्रफीत पाण्यात उतरण्यापूर्वी दाखवली जाते. ऑक्सिबेन्झोन व ऑक्टिनॉक्सेट असलेल्या सनस्क्रीनच्या विक्रीवर बंदी घालणारा हवाईचा कायदा १ जानेवारी २०२१ पासून लागू झाला.

कोविड-१९ साथीमुळे मार्च २०२० मध्ये उपसागर बंद करण्यात आला. या काळातील पाहणीत पाण्याची पारदर्शकता सुमारे ६४ टक्क्यांनी वाढल्याचे आढळले. मंक सीलही अधिक वेळा दिसू लागले. डिसेंबर २०२० मध्ये उपसागर पुन्हा खुला झाला, तो दैनिक प्रवेशसंख्या पूर्वीपेक्षा बरीच कमी ठेवून. राज्याबाहेरील पर्यटकांसाठी ऑनलाइन पूर्वनोंदणीची पद्धत सुरू झाली आणि सोमवार व मंगळवार हे बंदचे दिवस ठरले.

सुरक्षितता

किनाऱ्यावर जीवरक्षक तैनात असतात. उपसागराच्या मुखाजवळ 'मोलोकाई एक्सप्रेस' नावाने ओळखला जाणारा तीव्र प्रवाह आहे. दोन्ही बाजूंच्या खडकाळ कडांवर आदळणाऱ्या लाटा माणसाला ओढून नेऊ शकतात. हवाईत स्नॉर्केलिंग करताना होणाऱ्या मृत्यूंच्या अभ्यासात पाणी नाकातोंडात जाण्याबरोबरच श्वासनळीमुळे श्वासाला होणारा अडथळा व त्यातून फुप्फुसांत द्रव साठणे, हेही एक कारण मानले गेले आहे. म्हणून धाप लागताच मुखवटा काढून मदत मागण्याचा आणि पाय टेकतील अशा पाण्यातच सराव करण्याचा सल्ला दिला जातो.

ओआहूवरील इतर ठिकाणे

बेटाच्या उत्तर किनाऱ्यावरील पुपुकेआ येथील शार्क्स कोव्ह उन्हाळ्यात स्नॉर्केलिंगसाठी उत्तम मानले जाते. हिवाळ्यात मात्र तेथील मोठ्या लाटा धोकादायक ठरतात. पुपुकेआ व वाइकिकी येथेही १९८० च्या दशकात सागरी जीवसृष्टी संवर्धन क्षेत्रे स्थापन झाली.