शिशाचे सैनिक आणि गप्पांचा अड्डा

ज्यांना कानांपेक्षा डोळ्यांनी ऐकायला आवडतं त्यांच्यासाठी हे या भागाचं लिखित रूप. बोलताना शंभर वेळा येणारे ‘म्हणजे’ आणि ‘तर’ जमेल तेवढे काढलेत. राहिलेले चालवून घ्या.

आज लढायांबद्दल बोलायचंय, पण ज्यात कुणीच मरत नाही अशा लढायांबद्दल. कल्पना करा, सहा फूट बाय चार फुटांचं टेबल. त्यावर हिरवं कापड, थर्माकोलच्या टेकड्या, एखादी नदी. दोन्ही बाजूंना अंगठ्याच्या पेराएवढे, हाताने रंगवलेले सैनिक. फुटपट्टीने अंतर मोजायचं, फासे टाकायचे, तोफेचा गोळा लागला का ते ठरवायचं. याला म्हणतात मिनिएचर वॉरगेमिंग. मोबाइलवरच्या गेमसारखं झटपट काही नाही. नुसती लढाई मांडायलाच तास जातो, खेळण्यात अख्खी दुपार. आणि सैनिक रंगवण्यात तर महिने.

या छंदाचा इतिहास बहुतेक जण नियमांचा इतिहास म्हणून सांगतात. कुठला फासा कुणी आणला वगैरे. मला ती अर्धीच गोष्ट वाटते. कारण सगळ्यात अवघड प्रश्न नियमांचा नव्हताच, माणसांचा होता. विचार करा, १९५० साली एखादा चाळिशीचा माणूस घरी शिशाच्या सैनिकांशी खेळतो. हे तो ऑफिसात कुणाला सांगणार? आणि त्याच्यासारखाच दुसरा चार गल्ल्या सोडून राहत असेल, तर ते दोघं एकमेकांना सापडणार कसे?

आधी थोडं मागे जाऊ, पण भरभर. सुरुवात आपल्याकडूनच होते. आपलं चतुरंग इराणमार्गे अरबांकडे आणि तिथून युरोपात गेलं, त्याचं बुद्धिबळ झालं. १७८० मध्ये ब्रन्सविकच्या हेल्विग नावाच्या गणिताच्या प्राध्यापकाने त्या बुद्धिबळाचा पट प्रचंड मोठा केला, घरांना डोंगर-नदी-गाव असे रंग दिले आणि एक युद्धाचा खेळ छापला. पुढे प्रशियात राइसविट्झ बापलेकांनी त्याला लष्करी शिस्त लावली. मुलाने १८२४ मध्ये नकाशा, फासे आणि पंच घालून केलेला खेळ प्रशियन सैन्याच्या प्रशिक्षणात गेला. पण हे सगळं अधिकाऱ्यांचं काम झालं. आपल्याला हवाय तो छंद.

छंदाची पहिली छान गोष्ट सापडते ती स्वित्झर्लंडमध्ये, १८८१-८२च्या हिवाळ्यात. ‘ट्रेझर आयलंड’वाला रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन छातीच्या आजारासाठी दाव्होसला राहत होता. बाहेर बर्फ, घरात खोकला. सोबत बायकोचा आधीच्या लग्नाचा मुलगा लॉइड, वय तेरा-चौदा. हे दोघं माळ्यावर फरशीभर सैनिक मांडून आठवडेच्या आठवडे युद्ध खेळायचे. आणि स्टीव्हन्सन त्या युद्धाच्या खोट्या बातम्या लिहायचा, एकदम वर्तमानपत्री थाटात, सेनापतींवर टीका वगैरे करत. सावत्र बाप आणि पौगंडातला मुलगा, दोघांना जोडणारं दुसरं काय मिळालं असतं, सांगा.

मग येतो एच. जी. वेल्स. ‘टाइम मशीन’वाला. त्याच्या ‘लिटल वॉर्स’ या १९१३च्या पुस्तकापासून या छंदाची गणती सुरू होते. खेळ सुचला कसा तेही त्याने सांगून ठेवलंय. एक मित्र जेवायला आला होता, पोरांची खेळणी खोलीभर पसरलेली, त्यात लाकडी गोळी उडवणारी छोटी तोफ. मित्राने ती उचलली, नेम धरला आणि एक सैनिक आडवा केला. झालं! दोन मोठी माणसं जमिनीवर पालथी. वेल्सने मित्राची फक्त आद्याक्षरं दिलीत, पण तो ‘थ्री मेन इन अ बोट’वाला जेरोम असावा असं मानतात.

वेल्स युद्धखोर नव्हता, उलट होता. पुस्तकाच्या शेवटी त्याचं म्हणणं साधारण असं की हा खेळ चार वेळा खेळून बघा, मग खरं युद्ध किती गचाळ आणि बेअक्कल प्रकार असेल ते कळेल. पुस्तक आलं आणि पुढच्याच वर्षी पहिलं महायुद्ध पेटलं. ज्या पिढीतली पोरं तसल्या तोफेशी खेळत होती तीच खंदकात गेली. यावर मी काही बोलत नाही, तारखाच पुरेशा आहेत.

आता आपला मूळ प्रश्न. माणसं एकमेकांना सापडली कशी?

कॅलिफोर्नियात व्हिसेलिया नावाच्या गावी जॅक स्क्रुबी राहायचा. त्याने दोन कामं केली. पहिलं, १९५५च्या सुमारास स्वस्त सैनिक ओतायला सुरुवात केली. कशातून, तर छापखान्यात खिळे ओततात त्या धातूतून. तोवर एक पलटण जमवायची म्हणजे खिशाला चांगलीच चाट. दुसरं काम जास्त मोठं. १९५६ मध्ये त्याने अमेरिकेतलं या छंदाचं पहिलं संमेलन भरवलं. किती लोक आले? चौदा. आपल्याकडे साखरपुड्याला याहून जास्त माणसं येतात! पण त्या चौदा जणांना पहिल्यांदा कळलं की आपण एकटे वेडे नाही.

पुढच्याच वर्षी स्क्रुबीने ‘वॉर गेम डायजेस्ट’ हे त्रैमासिक स्वतःच छापायला घेतलं. अमेरिका आणि ब्रिटनमधले खेळाडू त्यातून एकमेकांना ओळखायला लागले. आज तुम्ही ग्रुपवर फोटो टाकता आणि दोन मिनिटांत बदाम येतात. तेव्हा तुम्ही तुमच्या लढाईची हकिगत लिहायची, पोस्टात टाकायची, तीन महिने थांबायचं, आणि मग अटलांटिकपलीकडचा कुणीतरी लिहायचा की तुमचं घोडदळ फार लवकर धावलं. १९६२ मध्ये हे मासिक थांबलं आणि स्क्रुबीने नवं काढलं. त्याचं नाव ‘टेबल टॉप टॉक’. नावातच गप्पा.

ब्रिटनमधला त्याचा जोडीदार म्हणजे डोनाल्ड फेदरस्टोन. हा माझा सगळ्यात लाडका. १९१८चा जन्म, दुसऱ्या महायुद्धात रणगाडा दळात नोकरी, आणि नंतर साउथॅम्प्टनमध्ये फिजिओथेरपिस्ट. म्हणजे दिवसभर लोकांचे खांदे-गुडघे दुरुस्त करायचे आणि संध्याकाळी त्याच शहरातल्या टोनी बाथबरोबर प्राचीन सैन्यं लढवायची. १९६१ मध्ये ब्रिटनमधलं पहिलं संमेलन साउथॅम्प्टनला भरलं, त्याच्याच पुढाकाराने. १९६२ मध्ये त्याचं ‘वॉर गेम्स’ हे पुस्तक आलं आणि त्याच वर्षी त्याने ‘वॉरगेमर्स न्यूजलेटर’ सुरू केलं. ते त्याने १९८० पर्यंत चालवलं. अठरा वर्षं! यूट्यूब चॅनल आठ महिन्यांत बंद करणाऱ्यांनी (आमच्यासकट, दोनदा विचार झालाय) जरा दमाने घ्यावं.

टोनी बाथचंही वेड लहान नव्हतं. त्याने कॉनन कथांमधल्या ‘हायबोरिया’ या काल्पनिक प्रदेशाचा नकाशा घेऊन एक मोहीम चालवली, ती वर्षानुवर्षं चालली. वेगवेगळे मित्र वेगवेगळ्या राज्यांचे राजे. राजांना स्वभाव होते. कोण निष्ठावान, कोण लोभी, हे तो पत्त्यांचे पत्ते ओढून ठरवायचा. दरबारातली कारस्थानं, लग्नं, फितुरी. लढाई व्हायची ती या सगळ्याचा परिणाम म्हणून.

इथे एक गोष्ट माझ्या मनातून जात नाही. या पहिल्या मंडळींमध्ये खरं युद्ध पाहिलेली माणसं किती होती बघा. फेदरस्टोन होताच. पीटर यंग तर ब्रिगेडियर. दिएपच्या छाप्यात आणि नॉर्मंडीत कमांडो म्हणून उतरलेला, नंतर सँडहर्स्टच्या लष्करी अकादमीत इतिहास शिकवणारा. त्याने जे. पी. लॉफर्डबरोबर १९६७ मध्ये ‘चार्ज!’ नावाचं नियमांचं पुस्तक लिहिलं. आणि युद्ध कुठलं निवडलं? स्वतःचं नाही. अठराव्या शतकातलं, तीनकोनी टोप्या आणि रंगीत डगल्यांचं. फेदरस्टोनच्या पुस्तकात मात्र रणगाड्यांचेही नियम आहेत. म्हणजे ‘युद्ध पाहिलेला माणूस असाच खेळतो’ असा काही नियम काढता येत नाही. पण मला वाटतं, त्या पिढीतल्या अनेक पुरुषांकडे युद्धाबद्दल बोलायची जागाच नव्हती. घरी बोलले तर बायको-मुलं घाबरणार, पबमध्ये बोलले तर बढाई वाटणार. टेबलावर सैनिक असले की हातांना काम मिळतं, नजर खाली राहते, आणि मग बोलणं सुटतं. आपले आजोबा मंडळी पत्ते कुटताना जेवढं बोलतात तेवढं समोरासमोर बसून बोलतात का?

अमेरिकेत यानंतरची मोठी उडी मारली ती विमा कंपनीतल्या एका माणसाने. गॅरी गायगॅक्स. विस्कॉन्सिनमधल्या लेक जिनिव्हा या छोट्या गावात राहायचा. १९६७ मध्ये त्याच्या घराच्या तळघरात वीसेक खेळाडू जमले. पुढच्या वर्षी त्याने गावातला हॉर्टिकल्चरल हॉल ५० डॉलर भाड्याने घेतला, तिकीट एक डॉलर ठेवलं. नाव पडलं ‘जेन कॉन’. यात कोटी आहे बरं का. लेक जिनिव्हाचं कन्व्हेन्शन, आणि युद्धाचे नियम ठरवणारं जिनिव्हा कन्व्हेन्शन. १९६९च्या दुसऱ्या जेन कॉनमध्ये त्याची गाठ डेव्ह आर्नेसनशी पडली. पाच वर्षांनी, १९७४ मध्ये, त्या दोघांच्या नावावर ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ आलं. हो, ‘स्ट्रेंजर थिंग्ज’मध्ये पोरं खेळतात तेच. पहिली छपाई हजार प्रतींची.

मधल्या काळाबद्दल फार कुणी बोलत नाही. १९७० मध्ये गायगॅक्सची विम्यातली नोकरी गेली. घरात पाच मुलं. तेव्हा हा माणूस तळघरात लोकांचे बूट दुरुस्त करायचा. त्याच काळात तो आणि जेफ पेरेन यांचं ‘चेनमेल’ हे मध्ययुगीन लढायांच्या नियमांचं पुस्तक आलं, १९७१ मध्ये. संमेलनाला आलेल्या माणसाने ‘काय चाललंय सध्या?’ विचारलं असेल तर त्याने काय उत्तर दिलं असेल, असं मला राहून राहून वाटतं.

आणि आपल्याकडे? आपण दर दिवाळीला अंगणात किल्ला करतो. माती, विटा, वर पेरलेली मोहरी किंवा अळीव, आणि बाजारातून आणलेले मातीचे मावळे. पायथ्याशी हमखास एक दूधवाला आणि एक वाघ, प्रमाण काहीच्या काही. वॉरगेमरला लागतं ते सगळं आपल्याकडे आहे, फासे आणि नियम सोडून. आपली लढाई कधी सुरूच होत नाही. मावळे चार दिवस पहारा देतात आणि कागदात गुंडाळून माळ्यावर जातात. तिकडे मात्र आपल्या जालना जिल्ह्यातली असईची लढाई टेबलावर मांडली जाते. २३ सप्टेंबर १८०३, एकीकडे वेलस्ली, दुसरीकडे शिंदे-भोसल्यांची फौज. परदेशातला कुणी निवृत्त मास्तर शिंद्यांच्या कवायती पलटणीचे डगले कुठल्या रंगाचे होते यावर तासभर वाद घालतो, आणि आपल्याला ते गाव नकाशावर शोधावं लागतं.

संमेलनं आता मोठी झालीत. जेन कॉन इंडियानापोलिसला भरतं, २०२३ मध्ये सत्तर हजारांहून जास्त लोक आले. लंडनचं ‘सॅल्यूट’ १९७२ पासून चालू आहे. २०२० मध्ये कोविडमुळे प्रत्यक्षातली दोन्ही रद्द झाली. खेळ ऑनलाइन झाले, नियम तेच, फासेही तेच. पण टेबलामागे उभं राहून ‘अरे, तू बारीक झालास, तब्येत बरी आहे ना?’ हे विचारणं झालं नाही. आपल्या साहित्य संमेलनासारखंच आहे हे. परिसंवाद कुणी ऐकतो का? माणसं पुस्तकांच्या स्टॉलवर आणि चहाच्या टपरीवर भेटतात, तेवढ्यासाठीच जातात.

ऐतिहासिक लढाया खेळणाऱ्यांची पिढी आता पिकत चाललीय. जुन्या खेळाडूंना ‘ग्रोन्यार’ म्हणतात. नेपोलियनच्या जुन्या शिपायांचं हे टोपणनाव, अर्थ कुरकुरणारे. यांच्या गप्पांचे विषय ठरलेले. चष्म्याचा नंबर वाढला, आता डोळ्याची बाहुली रंगवता येत नाही. नातवाला ड्रॅगन हवेत, वॉटर्लू नको. न रंगवलेल्या सैनिकांचा ढीग आयुष्यात संपणार नाही. फेदरस्टोन २०१३ मध्ये गेला, पंचाण्णव वर्षांचा होऊन.

ब्रिटिश संमेलनांमध्ये एक जुन्या सामानाचं टेबल असतं. नको असलेलं आणून ठेवायचं, हवं ते विकत न्यायचं. गेलेल्या खेळाडूचं सैन्य कित्येकदा तिथे येतं, मुलाने किंवा बायकोने आणलेलं, खोक्यांमध्ये. पलटणीच्या तळाला खाली चिठ्ठी चिकटवलेली असते, त्यावर रेजिमेंटचं नाव, कधी रंगवल्याचं साल, मूळ मालकाच्या अक्षरात. विकत घेणारे बरेच जण ती चिठ्ठी काढत नाहीत.

तर तुमच्याकडे यंदाच्या किल्ल्याचे फोटो असतील तर पाठवा, वाघासकट. पुढच्या भागात भेटूच.