बाथरूममधली हवा जाते कुठे? गिझर, उंदीर आणि एक्झॉस्ट फॅनची गोष्ट

“डॉक्टर, ही बाथरूममध्ये चक्कर येऊन पडली. बीपी, शुगर सगळं नॉर्मल आहे!” थंडीच्या दिवसांत अशी तक्रार आली की मी आधी विचारतो, “गिझर गॅसचा आहे का? आणि खिडकी उघडी होती का?” हे प्रश्न का विचारायचे, हे समजायला दीडशे वर्षं मागं जावं लागेल.

१८६८ साली लंडनमध्ये बेंजामिन वॅडी मॉगन या रंगकाम करणाऱ्या गृहस्थानं गॅसवर झटपट पाणी तापवणारं यंत्र बनवलं. आइसलँडमधल्या गरम पाण्याच्या कारंज्यावरून त्याला ‘गीझर’ नाव दिलं. तोच आपला गिझर. सोय मोठी होती, पण एक उणीव होती. जळालेला वायू घराबाहेर नेणारी नळी त्याला नव्हती. तो वायू अंघोळीच्या खोलीतच राहायचा.

त्यात काय धोका होता? त्याआधीच, १८५० च्या दशकात, फ्रान्सचे क्लोद बर्नार यांनी दाखवलं होतं की कार्बन मोनॉक्साइड रक्तातल्या हिमोग्लोबिनला चिकटतो आणि ऑक्सिजनची जागा बळकावतो. ही पकड ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून जास्त घट्ट असते. या वायूला ना वास, ना रंग. १८९० च्या दशकात ब्रिटिश शास्त्रज्ञ जॉन स्कॉट हाल्डेन यांनी हा वायू स्वतः हुंगून परिणाम नोंदवले. उंदरासारख्या छोट्या प्राण्याचा श्वास जलद चालतो, म्हणून विषाचा परिणाम त्याच्यावर माणसाच्या आधी दिसतो. म्हणून खाणीत सोबत उंदीर किंवा पक्षी न्या, असं त्यांनी सुचवलं. खाणकामगारांच्या पिंजऱ्यातली कॅनरी तिथून आली. आपल्या बाथरूममध्ये मात्र असा इशारा देणारं कोणी नसतं.

आता मुंबईत येऊ. १८९६ मध्ये प्लेग आला. दाटीवाटीच्या चाळींतली कोंदट हवा हेच कारण, असं तेव्हा अनेकांना वाटत होतं. १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. त्याच्या कारभारात साडेत्रेसष्ट अंशांचा नियम आला: समोरची इमारत मधल्या मोकळ्या जागेच्या साधारण दुपटीपेक्षा उंच नसावी, म्हणजे खालच्या खोलीतही उजेड आणि वारा पोचेल. गंमत म्हणजे, प्लेग पसरतो उंदरांवरच्या पिसवांमुळे, हे त्याच वर्षी पॉल-लुई सिमाँ यांनी मांडलं. प्लेगचं कारण हवा नव्हती. पण हवा खेळती ठेवण्याचा आग्रह वाया गेला नाही. क्षयासारख्या हवेतून पसरणाऱ्या रोगांसाठी तो आजही योग्यच आहे.

आजच्या फ्लॅटमध्ये बाथरूमची खिडकी अरुंद डक्टमध्ये उघडते. थंडी लागते म्हणून आपण तीही लावून घेतो. आत गॅस गिझर पेटतो, खोलीतला ऑक्सिजन कमी होतो, ज्योत अर्धवट जळते आणि कार्बन मोनॉक्साइड वाढतो. डोकेदुखी, मळमळ, चक्कर, कधी झटके, बेशुद्धी, मृत्यूसुद्धा. भारतातल्या मेंदूविकारतज्ज्ञांनी असे झटके आलेले रुग्ण नोंदवले आहेत. कारण लक्षात आलं नाही, तर ती फिट समजून वर्षानुवर्षं गोळ्या चालू राहू शकतात.

“मग एक्झॉस्ट फॅन लावला की झालं?” नाही. फॅन हवा बाहेर ढकलतो, तेवढीच हवा आत यायला वाट हवी. दार-खिडकी घट्ट बंद असेल, तर फॅन नुसता घरघरतो. गिझरला धुराची नळी असेल, तर त्याच ओढीनं नळीतला वायू उलटा आत येऊ शकतो. म्हणून हे लक्षात ठेवा:

• गॅस गिझर बाथरूमच्या बाहेर, मोकळ्या हवेत बसवा. फॅन हा त्याला पर्याय नाही.
• दाराखाली फट किंवा जाळी ठेवा.
• फॅनची हवा थेट इमारतीबाहेर जाऊ द्या, फॉल्स सीलिंगच्या पोकळीत नको. तिथं वाफ साचून बुरशी धरते आणि दम्याच्या रुग्णांना त्रास होतो.
• अंघोळीनंतरही वाफ जाईपर्यंत फॅन चालू ठेवा.
• फॅनचं वायरिंग इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या, अर्थिंग हवंच.

कोणी आत पडलं, तर दार उघडा, गिझर बंद करा, व्यक्तीला मोकळ्या हवेत आणा आणि लगेच रुग्णालयात न्या. बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर विसंबू नका. या विषबाधेत तो ९८ सुद्धा दाखवतो. साध्या हवेत हा वायू रक्तातून निम्मा व्हायला चार-पाच तास लागतात, शुद्ध ऑक्सिजनवर साधारण सव्वा तास. आणि डॉक्टरांना आवर्जून सांगा, “घरात गॅस गिझर आहे.” तुमच्या या एका वाक्यानं निदान बदलू शकतं.