आगबोट थांबते तेवढ्या वेळात



आपल्यापैकी जे शिक्षक आहेत त्यांना शाळेच्या सहलीचा अनुभव असेलच. एस. टी.ची गाडी संध्याकाळपर्यंतच आपली. वाटेत एका अंगाला किल्ला, दुसऱ्या अंगाला धरण. दोन्ही काही होणार नाहीत. मुलांना विचारावे तर निम्मी किल्ला म्हणतात, निम्मी धरण म्हणतात, आणि ड्रायव्हर म्हणतो, "गुरुजी, काय ते लवकर सांगा." आज मी ज्या सहलीची हकीकत सांगणार आहे तिच्यात गाडीच्या जागी आगबोट होती, मुलांच्या जागी साठ-सत्तर प्रतिष्ठित माणसे होती, आणि किल्ल्या-धरणाच्या जागी अथेन्स, रोम, दमास्कस अशी नावे होती. घोळ मात्र तोच.

शाळेत जगाचा नकाशा असेल तर त्यात भूमध्य समुद्र पाहा. वर युरोप, खाली आफ्रिका, उजव्या हाताला सीरिया-पॅलेस्टाइनचा किनारा. नावाप्रमाणेच जमिनीच्या मधोमध असलेला हा समुद्र. याच्या काठाकाठाने जुनी राज्ये झाली, धर्म निघाले. पण एक गंमत लक्षात घ्या. यातली पुष्कळशी नामांकित शहरे अगदी पाण्यावर नाहीत. अथेन्सचे बंदर पिरीअस. तिथून शहर दहाएक किलोमीटर आत. रोमला जायचे तर चिव्हितावेक्किया बंदरात उतरून सुमारे ऐंशी किलोमीटर जावे लागते. लिव्होर्नो बंदरापासून पिसा जवळ आहे, पण फ्लॉरेन्स नव्वदच्या घरात. ग्रीसच्या जुन्या शहरांबद्दल थुसिडिडीझ या इतिहासकाराने कारणही लिहून ठेवले आहे: चाच्यांच्या भीतीने लोक समुद्रापासून दूर वस्ती करीत. चाचे गेले, शहरे तिथेच राहिली. म्हणून बोटीने येणाऱ्या माणसाला बंदरात उतरल्याबरोबर ठरवावे लागते, की आज कुठे जायचे आणि कशावर पाणी सोडायचे.

शिडाची जहाजे होती तोवर हा प्रश्न असा अडून बसत नव्हता. वारा पडला की आठ-आठ दिवस बंदरात मुक्काम. वाफेचे यंत्र आले आणि बोटीला वेळापत्रक आले. वेळापत्रक आल्यावर ही ओढाताण सुरू झाली. १८४४ साली पी. अँड ओ. या इंग्रज कंपनीने थॅकरे या कादंबरीकाराला आपल्या बोटींतून फुकट फिरवून आणले, ते त्याने प्रवासाचे पुस्तक लिहावे म्हणून. हा थॅकरे जन्माने कलकत्त्याचा, बरं का. त्याने अथेन्स, कॉन्स्टँटिनोपल, जेरुसलेम, कैरो असे सगळे पाहिले आणि १८४६ साली पुस्तक काढले. पण तो टपालाच्या बोटींतून गेला होता. केवळ हौसेखातर एक अख्खी बोट घेऊन महासागर ओलांडण्याचा मोठा बेत आखला तो अमेरिकनांनी, १८६७ साली.

बोटीचे नाव 'क्वेकर सिटी'. अमेरिकेच्या यादवी युद्धात ती आरमारात होती. भाडे माणशी साडेबाराशे डॉलर. शिवाय किनाऱ्यावरच्या खर्चासाठी रोजचे पाच डॉलर सोन्याच्या नाण्यांत जवळ ठेवावेत, अशी सूचना. जाहिरातीत एक कलम असे होते, की प्रवाशांनी एकमताने ठरवले तर मार्ग बदलता येईल. एकमताने! ज्याने कधी ग्रामसभा पाहिली आहे त्याला हे कलम वाचून हसू येईल. या प्रवाशांत एकतीस वर्षांचा एक वार्ताहर होता, सॅम्युएल क्लेमेन्स. जग त्याला मार्क ट्वेन म्हणून ओळखते. त्याचे भाडे सॅन फ्रान्सिस्कोच्या एका वर्तमानपत्राने भरले होते. १८६९ साली त्याने या सफरीवर 'द इनोसंट्स अब्रॉड' हे पुस्तक लिहिले. पुढे सांगतो ती हकीकत बहुतेक त्याच पुस्तकातली. लेखक विनोदी आहे, तेव्हा तिखटमीठ थोडे वजा करून घ्यावे.

जूनमध्ये बोट न्यूयॉर्कहून निघाली. जिब्राल्टरला पहिला वाद: इथे उतरून स्पेनमधून पॅरिसला जावे की बोटीबरोबर राहावे? उलटसुलट बोलणे फार झाले. ट्वेनच्या मंडळींनी अखेर स्पेन सोडला, आणि ठरले एकदाचे म्हणून त्याला बरे वाटले. मग तो काही जणांबरोबर समोरच्या आफ्रिकेच्या किनाऱ्यावर टँजिअरला जाऊन आला. ते शहर पाहून तो खूष झाला. तोवर त्याला सगळीकडे ओळखीचेच काही ना काही दिसत होते. इथे मात्र घरे, माणसे, पोशाख, सगळे नवे.

इटलीत निराळीच अडचण आली. लिव्होर्नोच्या अधिकाऱ्यांचा विश्वासच बसेना, की एवढी मोठी बोट अटलांटिक ओलांडून आली ती निव्वळ मौजेसाठी. यात काही कट असावा असा त्यांना वहीम. त्यात त्या उन्हाळ्यात इटलीत पटकीची साथ होती. बोट क्वारंटाइनमध्ये अडकेल या भीतीने ट्वेन आणि काही मंडळी दुसऱ्या बोटीने आणि आगगाडीने रोमला गेली, आणि तिथून नेपल्सला. बोट समुद्राने नेपल्सला पोचली ती खरोखरच अडकली. ज्यांनी बोटीचा भरवसा धरला ते डेकवरून व्हेसुव्हियसचा धूर पाहत बसले. ज्यांनी खुष्कीचा मार्ग धरला ते रोज होडीतून बोटीजवळ जाऊन, शहर किती सुंदर आहे याची वर्णने त्यांना ऐकवू लागले. असले सोबती कुणाला मिळू नयेत.

'क्वारंटाइन' हा शब्दच मुळी या समुद्राचा. इटालियन भाषेत चाळीसला जो शब्द आहे त्यावरून तो आला. साथीच्या गावाहून आलेल्या जहाजाने चाळीस दिवस दूर थांबायचे. त्याआधी १३७७ साली रगुसा, म्हणजे आजचे दुब्रोव्हनिक, या बंदराने तीस दिवसांचा असाच नियम केला होता.

आणि मग आले पिरीअस. ऑगस्टचा महिना. लांबवर अॅक्रोपोलिसची टेकडी दिसते आहे, तिच्यावर पार्थेनॉनचे खांब दिसताहेत, आणि एक अधिकारी होडीतून येऊन सांगतो, की अकरा दिवस बंदराबाहेर थांबा, नाहीतर पुढे जा. अकरा दिवस थांबणे शक्य नव्हते. कप्तानाने ठरवले, बाराएक तास थांबून सामान भरायचे आणि कॉन्स्टँटिनोपलकडे निघायचे. दिवसभर माणसे दुर्बिणी लावून त्या टेकडीकडे पाहत राहिली. इतक्या दूर येऊन अथेन्स हुकले.

रात्री अकराला ट्वेन आणि आणखी तिघे एका लहान होडीतून गुपचूप किनाऱ्यावर उतरले. क्वारंटाइन मोडून पोहत गेलेल्या कुणाला सहा महिन्यांची कैद झाली, अशी गोष्ट त्यांच्या कानावर आलेली होतीच. चंद्र ढगाआड. दोघे पुढे, दोघे मागे, अशी ही वरात गावाला वळसा घालून माळावरून, द्राक्षांच्या मळ्यांतून निघाली. कुत्री भुंकली. वाटेत द्राक्षेही चोरून झाली, आणि अंधारातून राखणदाराची हाक आल्याबरोबर टाकूनही दिली. टेकडीच्या दाराशी चार पहारेकरी होते, त्यांचे हात ओले करून आत प्रवेश मिळाला. तोवर चंद्र ढगाबाहेर आला होता. चांदण्यात पार्थेनॉन, भोवती संगमरवरी मूर्तींचे तुकडे, आणि खाली झोपलेले अख्खे अथेन्स. इथे ट्वेन थट्टा विसरतो. परतताना बंदुकवाले राखणदार मागे लागले. उजाडता उजाडता चौघे बोटीवर पोचले.

ही हकीकत मुलांना सांगितली तर मुले खूष होतात. द्राक्षांचे मलाही हसू येते. पण क्वारंटाइन मोडल्याचे येत नाही. पटकी सामानातून येते की पाण्यातून, हे तेव्हा बहुतेकांना माहीत नव्हते; येते आणि गावे ओस पाडते एवढे माहीत होते. ती टेकडी चौघांनी पाहिली, पण धोका पिरीअसच्या लोकांच्या दाराशी ठेवून. २०२० साली आपल्या गावांच्या वेशी बंद होत्या, तेव्हा रात्री आडवाटेने गावात शिरणाऱ्याविषयी आपण काय म्हणत होतो, ते आठवून पाहा. हाच ट्वेन १८९६च्या जानेवारीत मुंबईस आला, वॉटसन हॉटेलात उतरला. त्याच वर्षी पावसाळ्याअखेर मुंबईत प्लेग निघाला, आणि तो युरोपात शिरू नये म्हणून १८९७ साली व्हेनिसला राष्ट्रांची परिषद भरली. आता संशयाच्या नजरेने पाहिल्या जाणाऱ्या बोटी आपल्याकडच्या होत्या.

पुन्हा 'क्वेकर सिटी'कडे. सप्टेंबरात ती बैरूतला लागली. इथे फाटे फुटले: कुणी जवळचा रस्ता धरला, कुणी लांबचा. ट्वेन आणि सात जणांनी सगळ्यांत लांबचा घेतला: घोड्यांवरून बालबेक, दमास्कस, गॅलिली, जेरुसलेम, आणि जाफा बंदरात पुन्हा बोट. त्यांच्यातल्या भाविकांनी हट्ट धरला, की रविवारी प्रवास करायचा नाही. म्हणून दमास्कसची तीन दिवसांची वाट दोन दिवसांत काढली. घोडी थकलेली, ऊन रणरणते. जनावरांची दया येऊन ट्वेनने पुष्कळ सांगून पाहिले. उपयोग झाला नाही. ज्याने मुक्या जनावरांची कणव शिकवली त्याच्याच भक्तीसाठी घोडी मारायची, ही गोष्ट त्याला फार लागली. आपल्याकडच्या यात्रांतही बैलांनी हे पाहिले आहे.

गॅलिलीचा समुद्र म्हणजे खरे तर गोड्या पाण्याचे सरोवर, एकवीस किलोमीटर लांब. ख्रिस्ताच्या पायांनी पुनीत झालेले पाणी. त्यावर नावेतून जायचे या आशेने ही माणसे अर्धे जग ओलांडून आली होती. एक नाव काठाशी आली. किती घेशील? दोन नेपोलियन, म्हणजे आठ डॉलर. आठ माणसे, वर दुभाषा. भाविक म्हणाले, फार होतात, एक देऊ. नाववाल्याने घासाघीस केलीच नाही. वल्ही मारली आणि चालू लागला. मग यांचा धीर सुटला. दोन घे, चार घे, म्हणून काठावरून ओरडत राहिले. नाव परत आली नाही. घरून निघताना ज्यांनी साडेबाराशे डॉलर मोजले होते त्यांचे ते पाणी चार डॉलरांसाठी राहिले. मग कुणी मोडता घातला यावरून आपापसांत भांडण.

पुढे हा धंदाच झाला. १८९१च्या जानेवारीत हँबुर्गच्या कंपनीची 'आउगुस्टा व्हिक्टोरिया' २४१ प्रवासी घेऊन या समुद्रात दोन महिने फिरली. हिवाळ्यात अटलांटिकवर उतारू कमी, बोटी रिकाम्या पडून राहत. त्यांना उन्हात काम मिळाले. आता एकेका बोटीवर हजारो माणसे असतात, आणि बंदर येण्याआधीच सहलींची यादी हातात पडते. बोटीच्या कंपनीची सहल घेतली आणि परतायला उशीर झाला तर बोट सहसा थांबते. स्वतःच्या हिमतीवर गेलात आणि चुकलात तर पुढचे बंदर आपले आपण गाठायचे. किनाऱ्यावरच्या गावांनाही आता बोलायला तोंड फुटले आहे. १ ऑगस्ट २०२१पासून व्हेनिसला सेंट मार्क चौकासमोरून मोठ्या बोटी जायला इटलीच्या सरकारने बंदी केली. पूर्वी पाहुणा निवड करी, आता गावही करते.

आपल्या मुंबईहून विलायतेला जाणाऱ्या बोटींवर असाच एक पेच पडे, भूमध्य समुद्राच्या उंबरठ्यावर. बोट सुएझला आली की ज्यांना हौस त्यांनी उतरायचे, वाळवंटातून मोटारीने कैरोला जायचे, पिरॅमिड बघायचे, आणि रात्री पोर्ट सैदला बोट पकडायची. तोवर बोट कालव्यातून सावकाश जात असे. म्हणजे पिरॅमिड पाहावेत तर कालवा हुकला, कालवा पाहावा तर पिरॅमिड. १९६७च्या जूनमध्ये युद्धामुळे कालवा बंद पडला तो १९७५च्या जूनमध्ये उघडला. त्या आठ वर्षांत विलायतेचे प्रवासी विमानाला सरावून गेले, आणि विमान सुएझला थांबत नाही.