आतड्यांतील जिवाणू आणि यकृताचा कर्करोग

माणसाच्या आतड्यात, मुख्यतः मोठ्या आतड्यात, वस्ती करून राहणाऱ्या जिवाणूंचा यकृताच्या कर्करोगाशी असलेला संबंध. यकृतात मूळ धरणाऱ्या कर्करोगांपैकी ७५ ते ८५ टक्के यकृताच्या मुख्य पेशींपासून होतात. त्यांना हेपॅटोसेल्युलर कार्सिनोमा म्हणतात. दुसऱ्या अवयवातून पसरून यकृतात आलेल्या गाठींचा विचार या नोंदीत केलेला नाही. २०२२ साली जगात यकृताच्या कर्करोगाचे सुमारे ८ लाख ६६ हजार नवे रुग्ण आढळले आणि सुमारे ७ लाख ५९ हजार रुग्ण दगावले. नव्या रुग्णांचा आणि मृत्यूंचा आकडा इतका जवळ असणे हेच या रोगाचे लक्षण आहे. बहुतेकांना तो उशिरा कळतो.

यकृताला मिळणाऱ्या रक्तापैकी जवळपास तीनचतुर्थांश रक्त पोर्टल नीलेतून, म्हणजे थेट आतड्यांकडून येते. जेवणातून शोषलेली साखर आणि अमिनो आम्ले या वाटेने येतात, तशीच जिवाणूंनी तयार केलेली रसायने आणि मेलेल्या जिवाणूंचे तुकडेही येतात. आतड्याचे अस्तर धड असेल तर हा कचरा थोडाच झिरपतो आणि यकृतातील भक्षक पेशी तो निपटून काढतात. दारू, सिऱ्हॉसिस (यकृतात व्रण साठून ते कठीण होणे) किंवा दीर्घकाळची सूज यांनी अस्तर सैल पडले की झिरप वाढते. काही जिवाणूंच्या बाह्य आवरणातील लिपोपॉलिसॅकराइड हा घटक यकृतपेशींवरील टीएलआर-४ या ग्राहकाला (रिसेप्टरला) चेतवतो आणि सूज धुमसत राहते. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातील रॉबर्ट श्वाबे यांच्या गटाने २०१२ साली उंदरांवर दाखवले की प्रतिजैविकांनी आतड्यातील जिवाणू कमी केले, तर यकृतातील गाठीही कमी होतात. त्यातली बारीक पण महत्त्वाची बाब अशी की जिवाणूंचा वाटा गाठ सुरू करण्यापेक्षा ती वाढवण्यात अधिक दिसला. हा फरक वर्तमानपत्री मथळ्यांत बहुधा हरवतो.

संशयाची सुरुवात मात्र त्याआधीची आणि अपघाताने झालेली. अमेरिकेतील फ्रेडरिक येथील कर्करोग संशोधन केंद्रात १९९२च्या सुमारास असे दिसले की ज्या उंदरांना कोणतेही कर्करोगकारक रसायन दिले नव्हते, त्यांच्याही यकृतात गाठी येत आहेत. शोध घेता हेलिकोबॅक्टर हेपॅटिकस हा नवा जिवाणू हाती लागला. जेम्स फॉक्स यांच्या मॅसॅच्युसेट्स तंत्रविद्या संस्थेतील गटाने २०१० साली याच जिवाणूची लागण झालेल्या उंदरांना अफ्लाटॉक्सिन दिले, तेव्हा गाठी जास्त झाल्या. जिवाणू यकृतापर्यंत पोहोचलाच नव्हता. तो आतड्यातच राहिला आणि तिथूनच यकृताची बाजू बिघडवत होता.

सोलापूर जिल्ह्यातील वाचकाला हा प्रयोग परका वाटू नये. अफ्लाटॉक्सिन हे अस्पर्जिलस फ्लेव्हस ही बुरशी आणि तिच्या जवळच्या बुरशी यांचे विष. ते भुईमुगाच्या शेंगा, मका आणि ओलावा धरून साठवलेल्या धान्यावर तयार होते. भाजल्याने किंवा कुटल्याने त्याचा पूर्ण नाश होत नाही. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने त्याला कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात ठेवले आहे. सोलापूरची शेंगाचटणी दूरवर जाते. तिच्यात दाणे कुटलेले असल्यामुळे खराब दाणा चवीला लपून जाऊ शकतो. सुरकुतलेले, काळपट, उग्र वासाचे दाणे आधीच वेचून टाकणे हाच उपाय. भारतात १९७४ साली राजस्थान व गुजरातच्या सीमेवरील भागात बुरशी लागलेला मका खाल्ल्यामुळे शंभराहून अधिक माणसे दगावली होती. १९९५ साली दख्खनच्या पठारावरील काही गावांत पावसात भिजलेली ज्वारी आणि मका खाऊन पोटदुखी व जुलाबाची साथ आली. तिच्यामागे फ्युमोनिसिन हे बुरशीचे दुसरे विष होते. सोलापूर हा रब्बी ज्वारीचा पट्टा. मंगळवेढ्याची मालदांडी ज्वारी पावसाळा सरल्यावर तयार होते, म्हणून खरिपाच्या ज्वारीपेक्षा तिला बुरशीचा धोका कमी. पेव किंवा कणगीत ओल शिरली तर हा फायदा उरत नाही.

जिवाणूंच्या कामाचा दुसरा मार्ग पित्ताम्लांचा. यकृत पित्त तयार करते आणि आतड्यातील जिवाणू त्याचे रूप बदलतात. जपानमधील एका गटाने २०१३ साली दाखवले की चरबीयुक्त आहाराने लठ्ठ झालेल्या उंदरांत डीऑक्सिकोलिक आम्ल बनवणारे जिवाणू वाढतात आणि ते आम्ल यकृतातील पेशींना अकाली म्हातारे करून सुजेची रसायने सोडायला लावते. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेने २०१८ साली आणखी एक दुवा जोडला: पित्ताम्लांच्या बदलाने यकृतातील प्रतिकारपेशींची संख्या बदलते आणि गाठीविरुद्धचा त्यांचा लढा कमकुवत किंवा बळकट होतो.

तिसरा मुद्दा विचार करायला लावणारा आहे. चोथा म्हणजे पथ्य, अशी सर्वसाधारण समजूत. टोलेडो विद्यापीठातील मातम विजय-कुमार यांच्या गटाने २०१८ साली ‘सेल’ या नियतकालिकात प्रसिद्ध केले की प्रतिकारशक्तीतला एक ग्राहक नसलेल्या उंदरांना इन्युलिन हा आंबणारा चोथा शुद्ध करून दिला असता काहींना कावीळ झाली आणि पुढे यकृताचा कर्करोग. इन्युलिन आंबवणारे जिवाणू कमी केले किंवा आंबणे थांबवले तेव्हा कर्करोग टळला; न आंबणाऱ्या सेल्युलोजने तो झाला नाही. इन्युलिन कांदा-लसणातही असते. सोलापूरची कांद्याची बाजारपेठ राज्यातील मोठ्या बाजारपेठांपैकी एक आहे, म्हणून ही शंका इथे सहज मनात येईल. पण उंदरांच्या खाण्यात शुद्ध पूड होती आणि त्यांची प्रतिकारशक्ती एका बाबतीत जन्मतःच अधू होती. बेसनाच्या झुणक्याबरोबरचा कांदा हे त्याचे उदाहरण होत नाही. डबाबंद पदार्थांत इन्युलिन घालून ‘फायबरयुक्त’ असे छापणाऱ्यांना मात्र हा अभ्यास अडचणीचा आहे.

भारतीयांच्या पोटातील जिवाणूंविषयी पुण्याच्या राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्रातील संशोधकांनी बरेच काम केले आहे. त्यांच्या २०१६च्या अभ्यासात भारतीयांत प्रिव्होटेला आणि मेगास्फेरा हे गट ठळकपणे आढळले. प्रिव्होटेला सहसा धान्य व भाज्यांच्या आहाराशी जोडला जातो. म्हणून परदेशी रुग्णांवरील निष्कर्ष भाकरी खाणाऱ्या माणसाला जसेच्या तसे लावता येत नाहीत.

कर्करोगाच्या मोजणीत सोलापूर जिल्ह्याचे स्थान वेगळेच आहे. बार्शी येथे १९८७ साली देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. बार्शी, परांडा व भूम या तालुक्यांतील ३४६ गावे तिच्या कक्षेत आली आणि मुंबईच्या टाटा स्मारक केंद्राचा तिला आधार होता. डॉ. भगवान नेने व त्यांच्या सहकाऱ्यांनी गावोगाव फिरून लोकांना लक्षणे समजावत नोंदी जमवण्याची पद्धत बसवली. रुग्ण आपणहून शहरात येईल अशी वाट पाहिली नाही. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासणीवरील या भागातील काम जगभर उद्धृत होते. यकृताबाबत नोंदणीचे काम जास्त कठीण. इतर ठिकाणाहून पसरलेली गाठ आणि यकृतातली मूळ गाठ यांत गफलत होते, शिवाय बायोप्सी कमी जणांची होते. कर्करोग नोंदणीत वय, लिंग, गाव, अवयव आणि निदानाचा आधार टिपला जातो. जिवाणूंची तपासणी तिच्या कामात येत नाही.

जिवाणूंकडे सगळा दोष ढकलणे चूक ठरेल. यकृताच्या कर्करोगाची सिद्ध झालेली कारणे जुनीच आहेत: हिपॅटायटिस बी व सी, दारू, अफ्लाटॉक्सिन, मधुमेह व लठ्ठपणासोबतचे चरबीयुक्त यकृत. तैवानने १९८४ साली नवजात बालकांना हिपॅटायटिस बीची लस देणे सुरू केले आणि पुढील दशकात मुलांमधील यकृताचा कर्करोग घटला. एवढा स्पष्ट पुरावा कोणत्याही प्रोबायोटिकने दिलेला नाही. भारतात ही लस २०११-१२पासून देशभरच्या लसीकरण कार्यक्रमात आहे. पोट फुगणे, कावीळ, वजन घटणे ही लक्षणे दिसल्यावर कावीळ ‘उतरवायला’ जाण्यात गेलेले महिने रुग्णाला परत मिळत नाहीत. विष्ठेतील जिवाणू तपासून यकृताच्या कर्करोगाचा धोका सांगणाऱ्या चाचण्या अजून संशोधनाच्या पायरीवर आहेत. त्यांच्यासाठी पैसे मोजणे सध्या अनाठायी आहे. २८ जुलै २०१८ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय विषाणुजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमाखाली हिपॅटायटिस बी व सीची तपासणी व उपचार सरकारी रुग्णालयांत मोफत मिळतात. सिऱ्हॉसिस असलेल्या व्यक्तीने दर सहा महिन्यांनी पोटाची सोनोग्राफी करून घ्यावी.