शहाण्णव मेंढ्या आणि एक फ्यूज

तंजावूरला मी तीनदा गेलो, तिन्ही वेळा सरकारी कामासाठी. पहिल्या खेपेला पश्चिम राजवीथीजवळच्या एका मराठी कुटुंबाने जेवायला बोलावले होते. मधला उघडा चौक, लाकडी खांब, रस्त्याकडेला ओटा, असे ते पूर्वजांचे घर. यजमान सत्तरीचे होते. त्यांचे मराठी ऐकताना व्यंकोजीराजांबरोबर सतराव्या शतकात दक्षिणेत उतरलेली भाषा अजून या गल्लीत नांदते आहे, याचे नवल वाटत राहिले.

पाने वाढली आणि दिवे गेले. शेजारी मात्र उजेड होता. यजमान शांतपणे उठले, ओसरीवरच्या काळ्या पडलेल्या लाकडी फळीतून चिनीमातीचा फ्यूज त्यांनी ओढून काढला, पंख्याच्या जुन्या वायरीतली तांब्याची सात-आठ सुते पिळली आणि त्यात बसवली. "आता जाणार नाही," ते म्हणाले. खरोखरच वीज पुन्हा गेली नाही. वास्तविक, काळजीचे कारण तेच होते.

फ्यूज हा परिपथातला मुद्दाम दुर्बळ ठेवलेला भाग. भार वाढला की तो वितळतो आणि भिंतीतली वायर वाचते. जुन्या ब्रिटिश प्रमाणानुसार ५ अँपिअरसाठी ०.२ मिलिमीटर जाडीची तार लागते, १५ साठी ०.५ आणि ३० साठी ०.८५. त्यातही तार बदलण्याजोगा हा फ्यूज लिहिलेल्या क्षमतेच्या जवळजवळ दुप्पट प्रवाह झाल्याशिवाय वितळत नाही. सात-आठ सुते पिळल्यावर तो फ्यूज राहतच नाही, नुसता जोड होतो. मग वितळायचे काम वायरीकडे येते. आणि वायर कोणती? त्या घरात सागवानी पट्टीच्या आत रबराचे आवरण आणि त्यावर सुती वेष्टण असलेली वायर होती. प्लास्टिकचे आवरण रूढ होण्यापूर्वी सगळीकडे तीच वापरत. पंचवीस-तीस वर्षांत हे रबर सुकते, बोट लावले तरी झडते. ती टाकली तेव्हा घरात चार दिवे आणि एखादा पंखा असेल. आज तिच्यावर फ्रीज, मिक्सर आणि पाण्याचा पंप असतो.

त्या फळीवर फ्यूज दोन होते, एक फेजवर आणि एक न्यूट्रलवर. न्यूट्रलवरचा आधी वितळला तर दिवा विझतो, पण वायर जिवंतच राहते. घरातल्या माणसाला वाटते, वीज नाही, आणि तो हात घालतो. भारतीय विद्युत नियम १९५६ मधील नियम ३२ ने न्यूट्रलवर असा स्वतंत्र फ्यूज ठेवण्यास मनाई केली. पण त्यापूर्वीच्या घरांत जाऊन तो काढणार कोण?

इथे प्रशासनाचा प्रश्न येतो. याच नियमावलीतील नियम ४६ प्रमाणे ग्राहकाच्या घरातील विद्युतजोडणीची दर पाच वर्षांच्या आत तपासणी व्हायला हवी होती. माझ्या आयुष्यात मी ज्या ज्या घरांत राहिलो, त्यांपैकी एकातही असा तपासनीस आलेला मला आठवत नाही. पुढे केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या नव्या विनियमांत ठरावीक व्होल्टेजपर्यंतच्या जोडणीची तपासणी मालकानेच करून स्वतः प्रमाणित करावी, अशी तरतूद झाली. जे होतच नव्हते, ते ग्राहकाकडे सोपवून कायदा प्रामाणिक झाला, असेही म्हणता येईल! मीटरपर्यंत मंडळाची मालमत्ता, मीटरपुढे आपली. मीटरपुढच्या वायरीचा घसारा मात्र कोणाच्याच हिशोबात नसतो.

याच गावात हजार वर्षांपूर्वी उजेडाच्या देखभालीचा विचार कसा झाला होता, ते पाहण्यासारखे आहे. बृहदीश्वर मंदिरात राजराज चोळाच्या काळच्या शिलालेखांत अखंड दिव्यांसाठी दिलेल्या देणग्या नोंदल्या आहेत. एका दिव्यामागे ९६ मेंढ्या, किंवा त्या हिशोबाने ४८ गाई, किंवा १६ म्हशी. जनावरे धनगर-गवळ्यांच्या हवाली करायची आणि त्यांनी रोज एक उळक्कु तूप मंदिरात पोचवायचे. या मेंढ्यांना चोळकालीन तमिळ लेखांत एक सुंदर विशेषण आहे. त्याचा अर्थ, न मरणाऱ्या आणि न म्हाताऱ्या होणाऱ्या. म्हातारी मेंढी मेली तरी कळपात कोकरे जन्मतात, संख्या कायम राहते. अर्थशास्त्राच्या वर्गात आम्हाला भांडवल अबाधित राखणे म्हणजे काय, ते पुस्तकातून शिकवले. इथे ते दगडावर कोरलेले आहे. दिवा देणाऱ्याने तुपाचे पैसे दिले नाहीत, तूप देत राहणारी व्यवस्था दिली. आपण घराला वीज जोडली, ती एकदाच.

पुढे २७ एप्रिल २०२२ रोजी तंजावूरजवळच्या कळिमेडु येथे मिरवणुकीतला रथ उच्चदाबाच्या तारेला लागला आणि ११ जण गेले. अशा वेळी चौकशी होते, कारण तार रस्त्यावर असते. देशात विजेच्या धक्क्याने दरवर्षी दहा हजारांहून अधिक माणसे मरतात. त्यांतले बरेच मृत्यू एकेकटे असतात, कोणत्या तरी शेतात किंवा घरात.

तिसऱ्या भेटीत पुन्हा त्या घरी गेलो. यजमान राहिले नव्हते. घर तिघा भावांत वाटले गेले होते, मीटर तीन झाले होते आणि तिघांपैकी दोघे बाहेरगावी. फळीवर आता नवे एमसीबी होते. थोरल्या मुलाने सांगितले, "एसी लावल्यावर सारखा पडायचा, म्हणून इलेक्ट्रिशियनने सोळाचा काढून बत्तीसचा टाकला." पट्टीतली वायर तीच होती. वायर बदलायचा खर्च तिघांनी करायचा, म्हणून तो अजून कोणीच केला नव्हता. आपल्यापैकी ज्यांचे गावाकडे सामाईक घर आहे, त्यांना हे वेगळे सांगायला नको.

माडीवर मोडी कागदांची दोन गाठोडी आहेत, हे मला पहिल्या भेटीपासून ठाऊक होते. ज्या खोलीत ती आहेत, तिथल्या छताला लागूनच पट्टी गेली आहे. मी त्याला म्हटले, सगळे घर नंतर करा, आधी परवानाधारक माणूस बोलावून मेगरने वायरीचा रोध मोजून घ्या. ५०० व्होल्टला एक मेगओहमच्या खाली आला, तर त्या वायरीला वीज देऊ नका. आणि बत्तीसचा एमसीबी आजच काढा.

तो भावांना फोन करतो म्हणाला. गाठोडी मात्र आम्ही दोघांनी त्याच संध्याकाळी खाली आणून देवघरातल्या लोखंडी पेटीत ठेवली.